हुरड्याची तारीख

१ डिसेंबर

आजपासून रोजनिशी. थोडकं आणि नेमकं लिहायचं. कुणाला दाखवायची नाही.

कारण नोंदवून ठेवतो. काल केजला लग्नात साहेब भेटले. पाठीवर हात ठेवला. म्हणाले, भगवानराव, यंदा तुमच्याकडचा हुरडा खायचाय. चार लोकांत म्हणाले. मोहनराव शेजारीच उभे होते. त्यांच्या अक्षता हातातच राहिल्या.

पक्षाचं तालुकाध्यक्षपद महिनाभर रिकामं आहे. जुने अध्यक्ष दुसऱ्या पक्षात गेले. मी अकरा वर्षं उपाध्यक्ष. मोहनराव पक्षात येऊन चार वर्षं झाली नाहीत. साहेब महत्त्वाचे निर्णय जेवून हात धुताना घेतात, हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा हुरडा हीच मुलाखत.

विहिरीजवळ दोन एकर गूळभेंडी ज्वारी आहे. ज्वारी उत्तम आहे. असावी. शेतात बायको जाते, वत्सला.

२ डिसेंबर

साहेबांच्या पीएला, शिवशंकरला फोन केला. तो म्हणाला, तारीख आठ दिवस आधी पाहिजे. एकदा बदलून मिळेल. दुसऱ्यांदा बदलली तर साहेब नाव विसरतात.

म्हणजे सगळा प्रश्न हवामानाचा आहे. हुरडा खाण्यासारखा राहतो सात-आठ दिवस. त्याआधी दाण्यात नुसतं दूध, त्यानंतर खडे. थंडी असली की दाणा दमाने भरतो, ऊन वाढलं की घाईने. यंदा दसरा झाला तरी पाऊस हटला नाही. पेरणी उशिरा. असा हिवाळा पुढे कसा जाईल, कुणी सांगू शकत नाही.

मी सांगू शकेन. बी.ए.ला भूगोल होता.

उद्यापासून पहाटे पाचला उठणे. गार पाण्याने अंघोळ. स्वेटर नाही. हवामान अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही.

३ डिसेंबर

उठायला पावणेआठ झाले. पाणी गरम घेतलं. आजच्या दिवस, तुलनेसाठी.

दुपारी अंबाजोगाईला जाऊन भिंतीवरचा तापमापक आणला. न्हाणीच्या भिंतीला टांगला. अंघोळ करता करता नोंद घेता येईल. भिंतीच्या पलीकडे पाणी तापवायचा बंब आहे, त्यामुळे भिंत कोरडी असते. उपकरण टिकेल.

५ डिसेंबर

मोबाइलवर ग्रुप काढला. ‘हवामान व मार्गदर्शन’. गावातले दोनशे चौदा लोक घेतले. न विचारता घेतले. विचारलं असतं तर महिना गेला असता. पहिलं निवेदन : पहाटे साडेपाच, एकवीस अंश, थंडीची शक्यता नाही.

नोंद साडेसातची आहे. दोन तासांनी काही बिघडत नाही.

९ डिसेंबर

हनुमानच्या हॉटेलात गेलो. लोक टायर जाळून शेकत होते. म्हणत होते, अशी थंडी बापजन्मात पाहिली नाही. मी सांगितलं, एकवीस अंशाला थंडी म्हणत नाहीत. लोक ऐकीव गोष्टींवर कुडकुडतात.

हनुमान म्हणाला, आप्पा, एकवीस हाय तर माज्या डब्यात तेल कावून थिजलंय?

त्याला तेलाच्या दर्जाबद्दल समजावून सांगितलं. त्याने चहा अर्धाच दिला.

घरी येताना दात वाजत होते. पित्त असावं.

११ डिसेंबर

आपल्या एका गावावरून अंदाज बांधणं बरोबर नाही. जाळं पाहिजे. आज जाळं उभं केलं.

उत्तरेला मनिषा. मुलगी निफाडला दिली आहे, जावई तिथे ठिबकच्या कंपनीत. निफाडचा गारठा दोन दिवसांनी आपल्याकडे पोचतो असं माझं निरीक्षण आहे. फोन केला. ती म्हणाली, बाबा, इथं पहाटे बागेबागेत शेकोट्या पेटवल्यात, द्राक्षाचे वेल गारठून मरतील म्हणून. हे तीनला उठून लोकांच्या बागेत ठिबक सोडायला जातात, कानटोपी घालूनच झोपतात. तुमचा खोकला कसाय?

म्हटलं, किमान तापमान सांग. म्हणाली, पाच. लिहून घेतलं.

दक्षिणेला अजिनाथ. गावातला, ऊसतोडीला बेळगावकडे गेलेला. तिकडचं आभाळ दोन दिवसांनी आपल्याकडे येतं. फोन केला तेव्हा तो मोळ्या बांधत होता. म्हणाला, आप्पा, धुकं लई हाय. कोयता दिसत न्हाई, ऊस दिसत न्हाई. बोटं कापू ने म्हनून चिंध्या गुंडाळल्यात. विचारलं, वारं कोणत्या दिशेने आहे? म्हणाला, दिशा न्हाई ठावं. पर ज्या बाजूनं ऱ्हायच्या कोपीचा कागद फाटलाय, त्या बाजूनं येतंय.

माहिती अपुरी. त्याला होकायंत्राचं अॅप टाकायला सांगितलं पाहिजे.

ठेवताना म्हणाला, आईला तेवढं सांगा, ट्रंकेतली जाड गोधडी काढ म्हनावं. बरं म्हटलं.

१३ डिसेंबर

वत्सला म्हणाली, त्या न्हाणीच्या भिंतीला जरा हात लावा.

लावला. भिंत कोमट होती. भिंती आदल्या दिवशीचं ऊन धरून ठेवतात. तिला सांगितलं. ती बंबात लाकूड सारायला गेली.

तरी शंका नको म्हणून तापमापक गोठ्यात हलवला. चोवीस दाखवू लागला. म्हैस त्याच्याकडे तोंड करून उभी असते.

१४ डिसेंबर

तापमापक अंगणातल्या लिंबाला बांधला. सात अंश.

ग्रुपवर तातडीचं निवेदन : एका रात्रीत चौदा अंशांची घट, असं पूर्वी कधी घडलेलं नाही, सर्वांनी काळजी घ्यावी. तालुक्यात हे सर्वांत आधी मीच कळवलं. शाळेच्या हेडमास्तरांचा फोन आला, शाळा उशिरा भरवू का. भरवा म्हटलं.

हनुमानने ग्रुपवर लिहिलं : थंडी पंधरा दिवस झाले गावात हाय. तुमच्या घरी आज आली.

सत्तावीस लोकांनी हसणारी तोंडं टाकली. त्यांची नावं लिहून ठेवली आहेत. अध्यक्ष झाल्यावर बघू.

१८ डिसेंबर

शर्टाच्या आत स्वेटर. बाहेरून दिसत नाही, त्यामुळे संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही. गार पाण्याची अंघोळ सोमवारपासून.

घरातली जाड गोधडी सापडेना. चौकशी केली. वत्सलाने ती अजिनाथच्या आईला, कडूबाईला दिली आहे. म्हणाली, म्हातारीच्या ट्रंकेतली उंदरानं कुरतडली. चार दिवस पोतं पांघरून पडली हुती. अजिनाथनं तुमच्याजवळ निरोप दिलता म्हनं.

दिला होता. मी तेव्हा नकाशात हवेच्या दाबाचा पट्टा बघत होतो.

२४ डिसेंबर

ज्वारी फुलोऱ्यातून गेली, वत्सला म्हणते. पाखरं हाकायला सकाळ-संध्याकाळ शेतातल्या माळ्यावर उभी असते. मला म्हणाली, एकदा येऊन कणीस तरी बघा.

कणीस बघून काय कळणार? कणीस आजचं सांगतं. मला पुढच्या आठ दिवसांचं पाहिजे.

केजला मोहनराव भेटले. विचारलं, हुरड्याची काय तयारी, भगवानराव? म्हटलं, अभ्यास चालू आहे. म्हणाले, आमचं बुवा अडाणी काम. बायको ठरवंल तेव्हा पेटवू. हसले. अशी माणसं तालुका काय सांभाळणार?

२ जानेवारी

तारीख ठरवण्याचा दिवस. सकाळी नऊला बसलो. निफाडची किमान तापमानं, बेळगावची धुक्याची नोंद, लिंबावरचा तापमापक, सगळं वहीत मांडलं. वत्सला भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, अजून आठ-नऊ दिवसांत हुरडा मस्त धरंल. तिकडे लक्ष दिलं नाही. स्वतंत्रपणे गणित केलं.

अकरा आली.

शिवशंकरला कळवलं. तो म्हणाला, अकरा मोकळी आहे, लावतो. फ्लेक्स छापायला टाकला. वर साहेब, खाली मी. छापणाऱ्याने विचारलं, पद काय लिहू? म्हटलं, जागा मोकळी सोड.

५ जानेवारी, दुपारी

घडामोडी.

अजिनाथ म्हणाला, कालपासून पाऊस हाय आप्पा. जानेवारीत असा पाऊस कुनी बगितला न्हाई. फडात गाडी रुतली. कोपीत पानी. चूल न्हाई पेटली, पोरगी कोरडा फरसाण खाऊन निजली. विचारलं, ढग काळे की करडे? म्हणाला, ओले हायत.

मनिषा म्हणाली, इथं पुन्हा गारठा.

नकाशा काढला. दक्षिणेकडून ओल, उत्तरेकडून गारठा. दोन्ही दोन दिवसांत निघतील, वाटेत रेंगाळतील आणि दहा-अकराला एकमेकांना भेटतील. कुठे? पट्टी लावून बघितलं. केज तालुक्यात.

ओल आणि गारठा भेटले की काय होतं, हे शाळकरी पोरही सांगेल. गारपीट.

साहेबांच्या डोक्यावर गारा पडू देणारा माणूस अध्यक्ष होत नाही.

५ जानेवारी, संध्याकाळी

शिवशंकरला फोन करून तारीख बदलली. बावीस घेतली. बावीसला उत्तम थंडी राहील, आभाळ स्वच्छ. शिवशंकर म्हणाला, बघा हं, ही शेवटची. म्हटलं, शास्त्रावर विश्वास ठेव. म्हणाला, अकरा मग मोकळी धरू? म्हटलं, खुशाल धर.

वत्सलाला सांगितलं. ती म्हणाली, अकराला काय वाईट हाय? तिला नकाशा दाखवला. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, यात आपलं शेत कुटंय?

८ जानेवारी

गारपिटीचा इशारा ग्रुपवर. गावात हालचाल आहे. लोकांनी काढलेली तूर घरात नेली. हनुमानने हॉटेलच्या पत्र्यावर दगड ठेवले. वर बघून म्हणाला, आप्पा, आभाळात तर चिमणीबी न्हाई. म्हटलं, गारपिटीआधी पाखरं निघून जातात. तो आणखी दोन दगड आणायला गेला.

लोक ऐकू लागले आहेत. नेतृत्व म्हणजे दुसरं काय असतं?

११ जानेवारी, सकाळी अकरा

म्हैस आत बांधली. मोटरसायकलवर गोणपाट टाकलं. मी ओट्यावर, पत्र्याखाली. वत्सलाला घराबाहेर पडू नको म्हटलं होतं, ती पहाटेच पाखरं हाकायला गेली.

आभाळ निळं. ऊन कोवळं. वारा नाही. बसून राहावं अशी हवा. फसवं आहे सगळं.

साडेदहाला साहेबांच्या गाड्या गावातून गेल्या. पाच गाड्या. मोहनरावांच्या वस्तीकडचा रस्ता धरला. तो पुढे धारूरलाही जातो. धारूरला कार्यक्रम असणार. मी ओट्यावरून हात केला. साहेबांनी काच खाली केली नाही. बाहेर गारपीट होणार आहे हे त्यांना कळवलेलंच होतं.

११ जानेवारी, संध्याकाळी

गारपीट झाली नाही. तालुक्यावरून वळली.

१२ जानेवारी

हनुमानने पत्र्यावरचे दगड काढले. एक एक काढताना माझ्याकडे बघत होता.

म्हणाला, काल सायेब मोहनरावाच्या रानात हुरडा खायला आलते, ठाव हाय न्हवं? मी म्हटलं, अर्थात. म्हणाला, मी चहा घेऊन गेलतो. काय हुरडा होता आप्पा. लोण्यावानी. सायबानं खाऊन झाल्यावर चार कणसं परत भाजायला लावली. आगटीजवळून उठंचनात. मोहनरावाच्या खांद्यावर हात टाकून बांधावरून फिरून आले.

खांद्यावर. माझ्या पाठीवर ठेवला होता. पाठ मोठी असते.

शांतपणे विचार केला. अकरा तारीख मी मोकळी केली, म्हणून मोहनरावांना मिळाली. एका अर्थाने कार्यक्रम माझाच. शिवाय त्यांची ज्वारी साधी. साहेबांच्या जिभेला आता तुलना करता येईल. आधी साधा, मग गूळभेंडी. क्रम बरोबर लागला आहे.

ग्रुपवर आता एकशे साठ लोक. गर्दी कमी झाली की चर्चा चांगली होते.

१४ जानेवारी

संक्रांत. वत्सलाने परसात चार गोवऱ्या पेटवून आमच्या शेतातली कणसं भाजली. हातावर चोळून, फुंकून, ताटलीत हुरडा आणून ठेवला. हिरवा, वाफाळता. शेजारी तिळाची चटणी. म्हणाली, आज खा. आज जसा हाय तसा उद्या न्हाई.

खाल्ला नाही. बावीसला साहेबांबरोबर पहिला घास घेईन. तोपर्यंत दाणा तोंडात घालायचा नाही, असं मनाशी ठरवलं आहे. माणसाजवळ संयम पाहिजे.

तिने ताटली कडूबाईकडे नेली. म्हातारीला दात नाहीत. वत्सला परत येऊन म्हणाली, सगळा खाल्ला तिनं.

बराच वेळ घरात वास होता.

१७ जानेवारी

विचित्र. ऊन चैत्रासारखं. लिंबावर चौतीस अंश. स्वेटर काढला. पंखा लावला. संकल्पाप्रमाणे गार पाण्याने अंघोळ केली, बरं वाटलं. ठरवलं की होतं.

अजिनाथ म्हणाला, आप्पा, आता घाम थांबत न्हाई. सकाळी धुतलेली लुगडी दोन तासांत वाळली. कोपीत बसवत न्हाई, उसात उभं राहवत न्हाई. मनिषा म्हणाली, बागायतदार आता उलट्या काळजीत आहेत. सगळेच गोंधळले आहेत. मी नाही. थंडीची दुसरी लाट वीस तारखेला येते आहे. तिला आल्याशिवाय चालणार नाही.

वत्सला म्हणाली, दाणा निबर व्हायलाय.

म्हटलं, पाच दिवस थांबायला पाहिजे. ती म्हणाली, कुनाला सांगू, दाण्याला?

१९ जानेवारी

उपाय सापडला. जमीन गार ठेवली की दाणा कोवळा राहतो. हे कुठे वाचलं नाही, पण तर्क सरळ आहे. दुपारी लाइट होती. वत्सला दळणाला गेली होती. स्वतः शेतात जाऊन मोटर चालू केली, दोन्ही एकरांना भरपूर पाणी दिलं. यंदा पहिल्यांदाच शेतात गेलो. ज्वारी माझ्यापेक्षा उंच आहे. समाधान वाटलं.

चार वाजता वारं सुटलं.

२० जानेवारी

अर्धा एकर ज्वारी आडवी झाली. मऊ जमीन, वरून वारं, जड कणसं. वत्सला बांधावर उभी होती. तिने ज्वारीचं एक ताट उभं करून बघितलं. सोडल्यावर ते पुन्हा पडलं.

थंडीची लाट आली नाही. छत्तीस अंश.

उरलेली दीड एकर उभी आहे. साहेबांना विहिरीच्या बाजूने आणायचं. आडवी पडलेली बाजू फ्लेक्सने झाकता येईल.

२२ जानेवारी, दुपारी चार

सविस्तर लिहितो, कारण दिवस महत्त्वाचा आहे.

साहेब आले. एकच गाडी, पण आले. शब्दाचा माणूस. बसायला सतरंजी, वर कापडाचा मांडव, कारण ऊन फार. आगटी पेटवली. उन्हात आगीजवळ बसायला कुणी तयार नव्हतं. शिवशंकर गाडीत एसी लावून बसला.

वत्सलाने सकाळी सहापासून कणसं निवडली. अख्ख्या शेतात हिरवी बाजू असलेली तेवीस सापडली. मला म्हणाली, अजूनबी सायबाला भजी-पिठलं करून घालू. लई खूश होतील. म्हटलं, साहेब हुरडा खायला येताहेत. म्हणाली, हुरडा कुटंय?

तीच कणसं भाजली. चोळताना दाणे हाताला टोचत होते. फुंकर मारली तरी दाण्यावरची कूस उडेना. साहेबांसमोर ताटली ठेवली. गूळ, दही, बोरं, चटणी. मीही पहिला घास घेतला.

साहेबांनी दाणे दाढेखाली घेतले. आवाज मला ऐकू आला.

त्यांनी गालावर हात ठेवला. मग त्यांनी दही खाल्लं. चटणी बोटाने चाटून खाल्ली, दोनदा मागितली. वत्सलाला विचारलं, वैनी, जवसाची का? ती म्हणाली, जवस आन् तीळ. माझ्याकडे बघून साहेबांनी काही विचारलं नाही. मी हवामानबदलावर बोलत होतो.

बारा मिनिटांनी उठले. हात धुताना जरा थांबले. मी पुढे झालो. ते उभ्या पिकाकडे बघून म्हणाले, भगवानराव, ज्वारी चांगली झाली हो.

चार लोकांत म्हणाले.

२३ जानेवारी

कालच्या वाक्याचा सर्व बाजूंनी विचार केला. ज्वारी चांगली झाली. साहेब मोजकंच बोलतात. मोहनरावांच्या ज्वारीबद्दल ते काही म्हणाल्याचं हनुमानने सांगितलेलं नाही. मुद्दाम जाऊन विचारलं. तो म्हणाला, न्हाई, ज्वारीचं काय न्हाई बोलले. ते खान्यातच हुते.

म्हणजे माझीच.

उजवी दाढ दुखते आहे.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर शिवशंकरचा मेसेज. तालुका कार्यकारिणी जाहीर. अध्यक्ष : मोहनराव. उपाध्यक्ष सहा. माझं नाव चौथं आहे. तीन नावं माझ्या आधी, पण दोन माझ्या नंतरही आहेत.

छापणाऱ्याचा फोन आला, फ्लेक्सवरची मोकळी जागा भरायची का. नंतर कळवतो म्हटलं.

ग्रुप आज बंद केला. उपकरणांना विश्रांती पाहिजे.

२८ जानेवारी

मोहनरावांच्या मंडळी, सुंदरबाई, पेढे घेऊन आल्या. मी आतल्या खोलीत वाचत होतो. ऐकण्याचा उद्देश नव्हता. सुंदरबाई वत्सलाला म्हणाल्या, तुमी अकरा म्हनाला म्हनून साधलं बघा वैनी. मला काय कळतं त्यातलं? माझं म्हायेर बागायतीचं, तितं ज्वारी न्हाई.

त्या गेल्यावर बाहेर आलो. विचारलं, हे काय?

वत्सला पेढ्यांवर ताट झाकत होती. म्हणाली, सहा तारखेला गिरणीत भेटलती. म्हनाली, आमच्या रानातला हुरडा कवा धरंल, काय कळंना. आम्ही दोघी जाऊन बघून आलो. दाणा नखानं दाबला. म्हटलं, अकराला मस्त हुईल, आपल्याबरूबरच. सायबाचं ती काय बोलली न्हाई. मलाबी ठाव नव्हतं.

मी म्हटलं, आणि मला सांगितलं नाहीस?

ती म्हणाली, सांगितलं की. भाकरी करताना. मंग अकरा तुमीच लावलीत. तुमीच मोडलीत. सुंदरबाईनं इचारलं, मी सांगितलं. तुमी अजिनाथला इचारलं, मनिषाला इचारलं. मला तेवढं न्हाई इचारलं.

आवाज नेहमीचाच होता. पेढा पुढे केला. घेतला. डाव्या बाजूने खाल्ला.

विचार करता लक्षात येतं की माझी पहिली तारीख अचूक होती. हे कुठेतरी नोंदलेलं असावं म्हणून इथे लिहितो. त्यापुढे काय लिहावं सुचत नाही.

२ फेब्रुवारी

ज्वारी काढायला माणूस मिळत नाही. सगळे उसाला गेलेले. वत्सला आणि मी काढतो आहोत. उभी आहे ती तिने घेतली, आडवी पडलेली मला. ती ओणव्याने उपटावी लागते. दुपारपर्यंत दोन्ही तळहातांची कातडी गेली. तिने चिंध्या दिल्या. बोटांना गुंडाळल्या.

अकराच्या सुमारास मोहनरावांचा फोन आला. अध्यक्ष झाल्यापासून पहिला. मी ताठ उभा राहिलो. तालुक्याच्या कामासाठी अनुभवी माणसाचा सल्ला लागतोच. त्यांनी तब्येत विचारली. मग म्हणाले, भगवानराव, जरा वैनींना द्या ना.

दिला.

वत्सलाने पेंढी मांडीखाली दाबून धरली आणि बोलली. ज्वारी काढून पडलीय का? व्हय? मंग उद्या सांजच्याला झाकून घ्या. परवा भुरभुर हाय. कशावरून म्हंजे? मुंग्या बघा की बांधावर, सकाळधरनं अंडी उचलायल्यात. बरं. सुंदरबाईला सांगा, चटणीचा डबा राहिलाय तिच्याकडं.

फोन परत दिला. मी मोबाइलवर हवामान बघितलं. परवा आभाळ स्वच्छ, पाऊस शून्य टक्के.

संध्याकाळी माळवदावर चढून ताडपत्री काढली. दोन ठिकाणी फाटली आहे. उद्या शिवून घेतो.